जपून ठेवलेली खुर्ची

भात कापायला आलं की मला डबा ऐकू येतो.

खरंच येतो. कालचंच सांगते. मुरबाडहून स्कूटीवर निघाले होते, सरळगाव मागे पडलं, किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं भात आडवं पडलेलं, आणि तो वास. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही घेतला त्यांना कसा सांगू? थोडा ओल्या गवताचा, थोडा दुधाचा, आणि ऊन तापलं की त्यात भाजल्यासारखं काहीतरी. मी हेल्मेटची काच वर केली आणि तेवढ्यात डावीकडून डबा वाजला. पत्र्याचा, आत खडे घातलेला. खळ्ळ. मग परत खळ्ळ. गाडी बाजूला घेऊन थांबले. शेतात कोणी नव्हतं. बांधलेले भारे, एक बगळा, आणि लांब कुठेतरी झोडणीची धपधप. डबा नाही, डब्याची सुतळी नाही, सुतळी ओढणारं तर कोणीच नाही.

दर वर्षी हे होतं. दसऱ्याच्या आसपास सुरू होतं आणि पेंढ्याच्या गंज्या रचून झाल्या की थांबतं. घरी सांगितलं तर आई म्हणते ऊन लागलं असेल, टोपी घालत जा.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे काय ते माझ्या मामाला अजून कळलेलं नाही, तो मला मसाजवाली डॉक्टर म्हणतो. मी लहान मुलांबरोबर काम करते, जास्त करून सेरेब्रल पाल्सीच्या. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली मुलं ही. हातात तसा दोष नसतो, पायात नसतो, पण मेंदूकडून निघालेला निरोप वाटेत बिघडतो. हात उघड म्हटलं की मूठ घट्ट होते. बस म्हटलं की अंग कमानीसारखं मागे जातं.

आणि आता मला जे सांगायचंय ते सांगतेच, कारण हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी हॉस्टेलभर सगळ्यांना पकडून पकडून सांगत होते. एक करून बघा. उंच स्टुलावर बसा, पाय लोंबकळू द्या, पाठीला टेकायला काही नको, आणि कोणाला तरी स्टूल हलवत राहायला सांगा. आता सुईत दोरा ओवा. नाही ना जमत? हात आधी स्टुलाची कड पकडतात. ज्याला बसता येत नाही त्या मुलाचं चोवीस तास हेच चाललेलं असतं. हात दुबळे असतात असं नाही, हात पडण्याच्या भीतीत गुंतलेले असतात. म्हणून आधी हाताला काही करायचंच नाही. आधी बूड टेकवायचं, कंबर पट्ट्याने धरायची, पाठीला आधार, गुडघ्यांच्या मधे गादीचा ठोकळा, तळवे फळीवर सपाट. कंबर एकदा निश्चिंत झाली की खांदे खाली येतात, आणि मग हात मोकळे होतात. एका नीट मापाच्या खुर्चीने हात मोकळे होतात. मला हे अजूनही जादूच वाटतं.

काशी मला भेटली तो माझ्या नोकरीचा पहिलाच सीझन. डोळखांबच्या पुढे, जीप सोडून चढून जायचं असा एक पाडा. कापणी चालू होती. मोठी माणसं सगळी शेतात वाकलेली, आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाला साडीची झोळी बांधलेली. एवढी मोठी झोळी कशाला म्हणून वाकून बघितलं तर आत सात-आठ वर्षांची पोरगी, पिवळा फ्रॉक, डोळे टक्क उघडे. मला बघून हसली आणि हसताना तिचे दोन्ही हात खांद्यापाशी उडाले, बोटं आवळली, मान एका बाजूला ओढली गेली. तिची आई, पारूताई, विळा तसाच हातात घेऊन धावत आली. काशीला उचलून कडेवर घेतलं आणि कुठून आलाव विचारायच्या आधी पाणी विचारलं.

माप घ्यायच्या दिवशी सगळा पाडा गोळा झाला होता. कंबरेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसल्यावर कोपर किती उंच येतं ते. मी टेप लावतेय, पारूताई तिला धरून बसलीय आणि काशीला गुदगुल्या होतायत. तिचा बाप दामू खळं सारवत होता, तिथूनच म्हणाला, "कसला माप घेता म्याडम? लगीन ठरवला का पोरीचा?" सगळे हसले, काशी सगळ्यात जास्त, आणि हसली की अंग ताठ, की माप परत पहिल्यापासून.

खुर्ची बनवली शहापूरच्या बाजारातल्या सुतारकाकांनी. मी त्यांना साधी प्लायची सांगितली होती. काकांना साधं काही करता येत नाही हाच त्यांचा दोष. कडा घासून गुळगुळीत, वर चकाकणारं पॉलिश, आणि पाठीवर, माझ्या कागदावर कुठेही नसलेलं, कोरलेलं कमळ. लहान मुलीची आहे ना, म्हणाले, मग. जीपच्या टपावर बांधून ती डोळखांबला चढली तेव्हा वाटेत दोन जणांनी विचारलं, कुठल्या देवाची?

त्या दिवशी खळ्यावर काय झालं ते मी इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझ्या आठवणीतलं आहे की माझ्या सांगण्यातलं हेच कळत नाही. आधी गावातली सगळी पोरं त्या खुर्चीत बसून घेऊन झाली. मग काशी. पट्टा लावला. पाय फळीवर टेकवले. समोरची फळी सरकवली. ती घाबरलेली होती, हात वर, मुठी कानापाशी. मी काहीच केलं नाही, फक्त समोर बसले. आणि उतू जाणारं दूध गॅस बंद केल्यावर खाली बसतं ना, तसे ते हात हळूहळू खाली आले. फळीवर टेकले. कोपरं सरळ झाली. मुठी पूर्ण नाही, पण सैल झाल्या. पारूताई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हिचे हात एवढे लांब हायत, मला ठावकच नव्हता."

हे वाक्य मी अजून ऐकते. डब्यासारखंच.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायचे, पिशवीत खेळणी घेऊन. रंगीत रिंगा, ठोकळे, दाबलं की चूं करणारं बदक. काशीला त्यातलं काहीही नको होतं. ती बदकाकडे बघायची नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची. पलीकडे वाळत घातलेलं भात होतं आणि त्यावर कोंबड्या. बाकीची पोरं धावून धावून कोंबड्या हाकलायची, धावून दमली की दामूने लावलेली सुतळी ओढायची. सुतळी बांबूवरून गेलेली, टोकाला तेलाचा रिकामा डबा, आत खडे. ओढली की खळ्ळ, आणि कोंबड्या, चिमण्या, सगळं फुर्र.

आमच्यापैकी कोणाच्या आधी लक्षात आलं, आठवत नाही. सुतळीचं टोक आम्ही तिच्या फळीपर्यंत आणलं. मी त्याला फडकं गुंडाळून जाड मूठ केली आणि तिच्या तळव्यात ठेवली. पहिल्यांदा डबा वाजला तो तिने वाजवला नाही, कुत्रं भुंकलं म्हणून ती दचकली आणि हात ओढला गेला. खळ्ळ. कोंबड्या पळाल्या. काशी आपल्या हाताकडे बघायला लागली. मग कोंबड्यांकडे. मग परत हाताकडे, हा कोणाचा आहे असं. बराच वेळ काही नाही. एक कोंबडी लुडूलुडू परत आली, भातात चोच घातली. आणि काशीने कोपर मागे घेतलं. सावकाश, दात आवळून, सगळा जीव त्या कोपरात आणून. खळ्ळ.

दिवाळीपर्यंत ती खळ्याची मालकीण झाली होती. सकाळी तिला खुर्चीत बसवायचं, सुतळी हातात द्यायची, आणि बाकीचे शेतावर जायचे. पहिल्यांदाच तिच्याजवळ कोणाला थांबावं लागत नव्हतं. दामू येता-जाता चिडवायचा, आज एक चिमणी खाऊन गेली बघ, पगार कापू का? ती रागाने ओरडायची आणि डबा वाजवायची, भातावर पाखरू नसतानाही, खास बापासाठी.

एकच गोष्ट राहिली होती. सोडणं. या मुलांना धरायला शिकवणं एक वेळ सोपं, सोडायला शिकवणं महाकठीण. बोटं मिटायचा निरोप पोचतो, उघडायचा पोचतच नाही. काशीच्या हातात सुतळी दिली की दिवसभर तशीच. जेवायला, पाणी प्यायला, पारूताई एकेक बोट उलगडून काढून घ्यायची. माझा प्लॅन तयार होता. मनगट थोडं खाली वळवलं की बोटं आपोआप सैल होतात, तिथून सुरू करणार होते. दिवाळीनंतर.

आमच्या भागात दिवाळीनंतर काय होतं हे मी शहापूरची असून मला माहीत नव्हतं का? होतं. भात घरात आलं की भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांचे टेम्पो येतात आणि पाडेच्या पाडे रिकामे होतात, थेट पावसापर्यंत. मी पारूताईशी बोलले होते. खुर्ची घेऊन जा, तिथे जेवताना तरी हिला बसवा, आडवं ठेवून भरवू नका, पट्टा असा, ठोकळा असा. ती हो हो म्हणाली होती. टेम्पोत जागा नाय झाली त, म्हणाली, मी उतरीन पन खुर्ची चढवीन.

दिवाळी संपल्यावर मी चढून गेले. पिशवीत या वेळी खेळणी नव्हती, फक्त एक मोठा वाडगा होता, भाताचे दाणे त्यात सोडायला. खळं झाडलेलं, स्वच्छ. घराला कडी. पाडा इतका शांत की माझ्या चपलांचा आवाज मलाच नको झाला. कोंबड्यासुद्धा नव्हत्या. मी पडवीत टेकले आणि सहज वर बघितलं.

खुर्ची आढ्याला टांगलेली होती. खताच्या धुतलेल्या गोणीत गुंडाळून, काथ्याने नीट बांधून, पाय वर. गोणी एका बाजूला थोडी उघडी होती. तिथे ते कमळ दिसत होतं आणि त्यावर हळदी-कुंकू. मागे राहिलेल्या शेजारच्या म्हातारीने सांगितलं. खळ्यावर भाताची रास पुजली तेव्हा विळा, सूप आणि खुर्ची ओळीने मांडून पुजली. मग टेम्पोत चढवायला काढली, आणि पारूताईचा जीव होईना. भट्टीवर चिखल, धूर, विटांची धूळ. अशी देवाघरची वस्तू तिकडे कशाला नासवायची? इथे राहील, नीट राहील, आल्यावर पोर बसेल.

जे बियाणं आहे, जे लग्नाचं लुगडं आहे, ते वर टांगायचं. उंदराला लागू नये, ओल लागू नये. चांगली गोष्ट वापरायची नसते, जपायची असते. मी त्यांना काय नावं ठेवू? माझ्या आईने कपाटात काचेचा सेट ठेवलाय, माझ्या जन्माच्या आधीचा, त्यातला एक कप मी आजवर ओठाला लावलेला नाही.

पावसात ते परत आले. खुर्ची खाली उतरवली तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता. काशी तीन-चार बोटं उंच झाली होती आणि गुडघे एकमेकांत गुंतले होते. भट्टीवर तिला विटांच्या आडोशाला गोधडीवर ठेवायचे, ऊन फिरेल तशी गोधडी फिरवायचे. आम्ही तिला खुर्चीत बसवायला बघितलं. ठोकळा गुडघ्यांत शिरेना. कंबर मापात बसेना. हात परत कानापाशी गेले होते आणि त्यांना खाली यायला जागाच नव्हती. पारूताई खुर्चीचा हात पदराने पुसत होती. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

नवी खुर्ची करायच्या आधीच माझं काम मुरबाड तालुक्याकडे लागलं, त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. नव्या मुली, नवे मुलगे, नवी मापं. थांबलं काही नाही, रोज धावपळ आहे. पण मला कधीकधी वाटतं, माणूस मेल्यावरच भूत होतं असं कोणी ठरवलं? काशी आहे. जेवते, हसते, वाढते. पण कोपर मागे घेऊन डबा वाजवणारी एक काशी होती, एका सुगीपुरती, तिचं माप त्या खुर्चीत आहे आणि ती कुठेच नाही. तीच मला शेतांतून हाक मारते असं वाटतं. भात कापायला आलं की.

तर काल. काल मी मुद्दाम निघाले होते, सुट्टी टाकून, डिकीत टेप घेऊन. डोळखांबच्या पुढे आता बराच वर कच्चा रस्ता झालाय, स्कूटी जवळजवळ पाड्यापर्यंत गेली. वळणावरून खळं दिसलं.

खुर्चीत काशी बसली होती.

पिवळा फ्रॉक. पाठ ताठ. हात फळीवर, कोपरं सरळ. जशी तेव्हा होती तेवढीच, एक बोटही न वाढलेली. समोर भात वाळत घातलेलं, आणि त्यावर एक पाखरू नाही. मी स्कूटी कशी स्टँडला लावली मला आठवत नाही. जवळ गेले तेव्हा फ्रॉकच्या गळ्यातून पेंढा बाहेर आलेला दिसला. पेंढ्याचं अंग, पेंढ्याचे हात, डोक्याच्या जागी मडकं, त्यावर चुन्याने डोळे. पट्टा मात्र बरोबर लावलेला होता, मी शिकवला तसा, कंबरेवर, पोटावर नाही.



मागून पारूताई आली. बारीक झाली आहे, केस पिकले आहेत. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं असणार. पाखरं अजून घाबरतात त्या खुर्चीला, म्हणाली. दुसरं कुठलं बुजगावणं उभं केलं तर मानत नाहीत, खुर्ची मांडली की येत नाहीत. मग मांडतो. रोज संध्याकाळी आत नेते, दव पडतं ना.

मी काशी कुठाय विचारणार तेवढ्यात डबा वाजला.

वारा नव्हता. बुजगावण्याचे हात फळीवर तसेच होते. मी सुतळीच्या मागे मागे नजर नेली. बांबूवरून ती खुर्चीकडे येत नव्हती, खुर्चीला वळसा घालून पडवीकडे गेली होती. पडवीत गोधडीवर, भिंतीला लावलेल्या दोन भाताच्या पोत्यांच्या बेचक्यात, एक लांब, हडकुळी मुलगी कुशीवर होती. चेहरा खळ्याकडे. सुतळी तिच्या मुठीत. तिने अख्खं अंग मागे फेकलं, डोक्यापासून टाचेपर्यंत कमान झाली, आणि डबा वाजला. कोपराने नाही. कोपर आता तेवढं ऐकत नाही. सगळ्या अंगाने.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ओळखलं तिने. हसली, आणि हसण्याने परत डबा वाजला. मी सवयीने तिचं मनगट हातात घेतलं, खाली वळवलं, आणि बोटं उलगडायला लागले. तळव्यात सुतळीची खोल खूण होती, जुनी. सोडणं मी शिकवायचं राहिलं, ते नंतर कोणीच शिकवलं नव्हतं. पारूताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको सोडवू गो. पाखरं येतील."

आम्ही तिघी तशाच बसलो. ऊन खळ्यावरून सरकत होतं. दामू बाजारात गेला होता. भट्टीचं विचारलं तर म्हणाली, जायाचाच हाय, दिवाळी झाली का टेम्पो येईल. मग मी डिकीतून टेप आणली आणि म्हटलं, पारूताई, नवीन करू. मोठी. माप घेते. या वेळी भट्टीवर न्यायची, टेम्पोवाल्याशी मी बोलते.

 पारूताई उठली, खळ्यावर गेली, बुजगावण्याच्या फ्रॉकवर पडलेलं तूस झटकलं, कमळावरून बोट फिरवलं. परत येऊन काशीच्या उशाशी बसली.

"एक ऐकशील? या टायमाला जरा वायटच बनव," ती म्हणाली. "चांगली केलीस त मी परत जपून ठेवीन."

मी माप घेतलं. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच. गुडघे आता सरळ होत नाहीत, तेही धरून. काशीला अजून गुदगुल्या होतात, अंग ताठ होतं, माप परत पहिल्यापासून घ्यावं लागतं. मग तिथूनच सुतारकाकांना फोन लावला. रेंजची एकच काठी येत होती, तीही पोत्यावर चढून. मापं सांगितली. दिवाळीच्या आत पाहिजे म्हटलं. आणि काका, पॉलिश नको. जुन्या फळ्या वापरा, डाग पडलेल्या, खिळ्यांची भोकं असलेल्या. कडा टोचणार नाहीत एवढंच बघा. गादीला ताडपत्री लावा, कमळ अजिबात नको. चिखलात फेकली तरी कोणाला वाईट वाटता कामा नये अशी करा.

 काका म्हणाले, आयुष्यात असं काम कोणी सांगितलं नाही, वाईट करायला माझा हात वळायचा नाही. मी म्हटलं वळवा. ते पुढे काहीतरी बोलत होते, माझं लक्ष नव्हतं, खळ्यावर सावली उतरली होती आणि त्या सावलीत पिवळा फ्रॉक अगदी खरा दिसत होता.

"अगं, मागे काय वाजतंय तुझ्या?" काकांनी विचारलं. "डब्यासारखं?"

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

काशी आहे, म्हटलं.